सोलापूरहून एव्हरेस्ट बेस कॅम्प: पहिल्यांदा जाणार असाल तर हे वाचून मग पैसे भरा

मी दोनदा गेलो. पहिल्या वेळी बेस कॅम्पच्या अलीकडच्या लोबुचेहून रात्री अकराला टॉर्च लावून खाली उतरावं लागलं, दुसऱ्या वेळी पोचलो. मधल्या दोन वर्षांत माझा स्टॅमिना काही वाढला नव्हता, उलट वजन तीन किलोनी वाढलं होतं. पहिल्या पॅकेजमध्ये लुक्ला ते लुक्ला (नेपाळमधलं गाव, विमान तिथे उतरतं आणि चालणं तिथून सुरू होतं) नऊ दिवस होते, दुसऱ्या वेळी बारा. फरक म्हणाल तर एवढाच.

आता ओळखीतलं कुणी ना कुणी दर महिन्याला फोन करून विचारतं, बूट कुठले घेऊ, पार्कवर किती राउंड मारू. दिवस किती ठेवू हे कुणीच विचारत नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

१. आधी दिवस मोजा, पैसे नंतर

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर. तिथल्या हवेत ऑक्सिजन तेवढाच २१ टक्के असतो, पण हवेचा दाबच जवळपास निम्मा, त्यामुळे प्रत्येक श्वासात निम्माच ऑक्सिजन आत जातो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला वेळ द्यावा लागतो. आणि हा वेळ व्यायाम करून भरून निघत नाही, मॅरेथॉन पळणारी पोरं पण आडवी झालेली मी बघितली आहेत.

नियम सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावात थांबायचं. हे साधारण धरून (एखाद-दुसरा टप्पा पाचशेच्या थोडा वर जातो) लुक्लापासूनचा प्लॅन असा बसतो:

पहिला दिवस फाकडिंग (२,६१० मी.), दुसरा नामचे बाजार (३,४४० मी.), तिसरा नामचेतच मुक्काम, चौथा तेंगबोचे (३,८६० मी.), पाचवा डिंगबोचे (४,४१० मी.), सहावा डिंगबोचेतच, सातवा लोबुचे (४,९४० मी.), आठवा गोरक शेप (५,१६४ मी.) आणि तिथून बेस कॅम्प करून परत गोरक शेप, नववा पहाटे काला पत्थर (एव्हरेस्ट दिसतं ती टेकडी) आणि मग खाली फेरिचे, दहावा नामचे, अकरावा लुक्ला, बाराव्या दिवशी विमान.

कुठलंही पॅकेज घ्या, हा प्लॅन शेजारी ठेवून ताडून बघा. आमच्या पहिल्या आयोजकाने नामचेचा आणि डिंगबोचेचा, दोन्ही मुक्काम कापले होते आणि जाहिरातीत लिहिलं होतं 'कमी सुट्टीत एव्हरेस्ट'. आम्ही पण खूष, रजा वाचली म्हणून. पाचव्या दिवशी मी लोबुचेत होतो आणि पुढचं खाली येईलच.

बारा दिवस हे, दोन दिवस लुक्लाच्या विमानासाठी हातचे, काठमांडूत जाता-येता दोन आणि घरून जाण्यायेण्याचे तीन-चार. म्हणजे एकोणीस-वीस दिवस. एवढी रजा मिळत नसेल तर पुढच्या वर्षी जा, खरंच सांगतो. डोंगर कुठे पळून जात नाही.

२. कधी जायचं

मार्च मध्य ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून ते सप्टेंबर पाऊस, ढग, जळवा आणि लुक्लाची विमानं रद्द.

एप्रिल-मेमध्ये गेलात तर बेस कॅम्पवर शिखर चढणाऱ्यांचे तंबू दिसतात, ऑक्टोबरात तिथे जवळपास दगड आणि बर्फच असतं पण आकाश स्वच्छ मिळतं. माझं मत विचाराल तर ऑक्टोबर. एप्रिलमध्ये आपल्याकडे ४२-४३ डिग्री असताना निघून आठवड्याभरात उणे दहामध्ये झोपणं अंगाला फार जड जातं. फक्त त्यात दसरा-दिवाळी येते, घरच्यांशी काय ते आधीच बोलून घ्या.

३. कागदपत्रं

इथे सोलापूरची निम्मी पब्लिक फसते, कारण आपल्याला वाटतं आधार सगळीकडे चालतं.

विमानाने नेपाळला जायचं तर पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक, तेही ओरिजिनल. १५ ते ६५ वयाच्या माणसाला नुसत्या आधारवर विमानात बसवत नाहीत. आमच्यासोबतचे एक काका आधारची रंगीत लॅमिनेट कॉपी घेऊन आलेले, दिल्ली एअरपोर्टवर त्यांना बाजूला काढलं. नशीब बॅगेत मतदार कार्ड निघालं. व्हिसा आपल्याला लागत नाही.

ही यादी स्क्रीनशॉट काढून ठेवा:

- पासपोर्ट किंवा मतदार कार्ड, ओरिजिनल आणि दोन झेरॉक्स
- पासपोर्ट साईज फोटो सहा (परमिट आणि सिमकार्डसाठी)
- इन्शुरन्स पॉलिसीची प्रिंट, इमर्जन्सी नंबर मोठ्या अक्षरात वर लिहून
- डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, चालू गोळ्या असतील तर चिठ्ठी
- घरच्या एका माणसाचा नंबर कागदावर (मोबाईल थंडीत बंद पडतो)

परमिट दोन लागतात. एक सगरमाथा (एव्हरेस्टचं नेपाळी नाव) नॅशनल पार्कचं आणि एक तिथल्या स्थानिक पालिकेचं. पार्कची फी सार्क देशांच्या (त्यात आपण आलो) नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये अधिक १३ टक्के व्हॅट आहे, बाकीच्या परदेशी लोकांना ३,०००. हे लक्षात ठेवा, कारण काही पॅकेजवाले सगळ्यांना एकच परदेशी रेट लावून मोकळे होतात. लुक्लाच्या विमानाचं पण तसंच, भारतीयांचं भाडं वेगळं आणि कमी असतं. तिकीट काढताना 'इंडियन फेअर लावलंय का' असं तोंडाने विचारा, गप्प बसलात तर गेले पैसे.

इन्शुरन्सबद्दल एकच सांगतो. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत ठराविक उंचीच्या वर कव्हर नसतं. '६,००० मीटरपर्यंत ट्रेकिंग' आणि 'हेलिकॉप्टरने हलवणे' हे दोन्ही पॉलिसीच्या कागदात लिहिलेलं दिसलं पाहिजे, एजंट फोनवर 'होऊन जातंय की ओ' म्हणाला त्याला काही किंमत नाही.

४. सोलापुरात तयारी कशी करायची

आपल्याकडे डोंगर नाही हे खरंय. पण महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, म्हणजे या ट्रेकमधल्या सगळ्यात खालच्या मुक्कामापेक्षाही जवळपास हजार मीटर खाली. त्यामुळे पुण्या-नाशिकवाल्यांना उंचीची सवय असते आणि आपल्याला नाही असं काही मनात आणू नका, त्या बाबतीत सगळे सारखेच.

घरी तयार करायचे ते पाय, गुडघे आणि रोज सहा-सात तास चालायची सवय. चार महिने धरा.

पहिला महिना नुसतं चालणं, सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने नाहीतर हिप्परग्याकडे, तासभर. दुसऱ्या महिन्यापासून जिने. ओळखीतली कुठली सात-आठ मजल्यांची बिल्डिंग बघा, वॉचमनला सांगून ठेवा, पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, आठवड्यातून तीनदा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघे जास्त बोलतात, त्यामुळे लिफ्टने खाली यायचं नाही. तिसऱ्या महिन्यात रविवारी तुळजापूरचा घाट चालत चढा. महिन्यातून एकदा हुतात्मा एक्सप्रेसने पुणे गाठून राजगड नाहीतर तसा एखादा मोठा किल्ला.

आणि कोजागिरीला तुळजापूरला पायी गेला असाल तर तुम्हाला बाकीच्यांपेक्षा एक गोष्ट आधीच माहीत आहे. रात्रभर ४५ किलोमीटर चालताना पहिल्या दहात जो पळतो तो तामलवाडीच्या पुढे रस्त्याकडेला बसलेला सापडतो. नेपाळमध्ये गाईड दिवसभर 'बिस्तारै, बिस्तारै' म्हणत असतो, म्हणजे सावकाश. तोंडाने बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं, दम लागून वाक्य तुटलं की वेग कमी.

बीपी, शुगर, दमा, हार्ट यातलं काहीही असेल तर आधी फिजिशियनला दाखवा. उंचीचा त्रास टाळायला घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दलही त्यांनाच विचारा, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती धोक्याची ठरू शकते. मी दुसऱ्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली, बोटांना मुंग्या येतात आणि रात्री सारखं उठावं लागतं, बाकी काही नाही.

५. सामान: सोलापुरी चादर घरीच ठेवा

मी युनिफॉर्मच्या कापडाच्या धंद्यात आहे म्हणून हे अधिकाराने सांगतो, वर कॉटन नको. कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं, थांबलात की तोच घाम गार पडून अंगाला चिकटतो. आईने पहिल्या वेळी बळंच एक चादर सॅकमध्ये कोंबली होती, 'आपली चादर आहे, ऊब देते'. दीड-दोन किलोचं ओझं झालं नुसतं, नामचेत लॉजवालीला देऊन टाकली, तिला मात्र लय आवडली. टॉवेलचं तर विचारूच नका. डिंगबोचेत रात्री ओला टॉवेल खिडकीत टाकला, सकाळी बघतो तर कडक भाकरीसारखा ताठ, हातात धरला तर कोपऱ्यावर उभा राहिला.

अंगावर तीन थर लागतात. आत घाम बाहेर टाकणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. संध्याकाळी थांबल्यावर घालायला पिसांचं जाड डाऊन जॅकेट. डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग विकत घेऊ नका, काठमांडूत ठमेलमध्ये भाड्याने मिळतात. बॅगेची चेन पूर्ण उघडून-लावून बघा आणि आत हात घालून पिसं एका बाजूला गोळा झालीत का ते चाचपा, मी न बघता घेतली ती पायाशी मोकळी होती.

पैसे कुठे घालायचे तर बुटात. घोट्याच्या वर येणारे, अर्धा-एक नंबर मोठे, आणि निघायच्या आधी किमान दोन महिने वापरलेले. नवे कोरे बूट घालून आलेली एक मुलगी फाकडिंगलाच टाचेला पट्ट्या लावत बसली होती.

बाकी: हातमोजे दोन जोड, लोकरीचे मोजे चार, कानटोपी, उन्हाची टोपी, चांगला गॉगल (बर्फावरून ऊन परत डोळ्यात येतं), सनस्क्रीन, ट्रेकिंगच्या दोन काठ्या, हेडटॉर्च, पॉवर बँक, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस, ऑक्सिमीटर, टॉयलेट पेपर. रात्री मोबाईल आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, बाहेर ठेवलं तर सकाळी बॅटरी झोपलेली असते.

खायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी. हे चेष्टेत म्हणत नाहीये. चार हजाराच्या वर भूक मरते, लॉजवरचं तेच तेच नको वाटतं, आणि भाकरी-चटणीला ना फ्रीज लागतो ना गरम करावं लागतं. भाकरी डब्यात घ्या नाहीतर लुक्लाला पोचेपर्यंत चुरा होतो. गोरक शेपला मी डबा उघडला तर शेजारच्या टेबलावरचे दोघं कोरियन वास घेत आले, चटणी चाखली, पाणी प्यायले आणि परत मागितली.

६. काठमांडूपर्यंत

सोपा मार्ग: पुणे किंवा मुंबईहून दिल्ली, दिल्लीहून काठमांडू विमान. स्वस्तातला: सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली आणि तिथून विमान, किंवा मुंबईहून गोरखपूर रेल्वे, पुढे सोनौली बॉर्डर आणि तिथून काठमांडू बस. बसचा रस्ता अंग खिळखिळं करतो, जाताना तरी टाळा.

पैशाचं असं की १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर ठरलेला आहे. आम्ही गेलो तेव्हा शंभरच्या वरच्या भारतीय नोटा तिथे चालत नव्हत्या, हे नियम बदलत असतात म्हणून निघण्याच्या आठवड्यात बघून घ्या. काठमांडूत पोचल्यावर नेपाळी रोख काढा आणि हिशेब केलाय त्यापेक्षा पाव पट जास्त काढा. एटीएम नामचेपर्यंत आहे पण त्याच्यात पैसे असतीलच असं नाही. नामचेच्या वर एटीएम-बिटीएम काही नाही, सगळं रोख.

गाईड घ्याच. एक गाईड आणि दोघांत एक पोर्टर. पोर्टरच्या पाठीवर दोघांचं मिळून वीस-बावीस किलोच्या वर टाकू नका, त्याच्या पायात बूट आणि अंगावर जॅकेट आहे का ते बघा, नसेल तर एजन्सीला तिथेच विचारा. त्याला 'दाई' म्हणा, म्हणजे दादा. 'ए पोर्टर' अशी हाक मारणारे आपलेच लोक बघून मला लाज वाटली.

७. लुक्लाचं विमान, किंवा खरं तर रामेछापचं

तिकिटावर काठमांडू ते लुक्ला वाचून लोक खूष होतात. सीझनमध्ये काठमांडूच्या एअरपोर्टवर गर्दी असते म्हणून बरीचशी लुक्लाची विमानं रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून उडतात. ते काठमांडूहून चार-पाच तास गाडीने, म्हणजे रात्री एक-दीडला हॉटेल सोडायचं. वळणं इतकी की मागच्या सीटवर बसणाऱ्याने रात्रीचं जेवूच नये. पॅकेजमध्ये ही गाडी धरली आहे का ते आधी विचारा.

विमानात सामान सगळं मिळून १५ किलो, १० मोठी बॅग आणि ५ हातातली. वजन काट्यावर होतं, जास्तीचे पैसे लागतात, म्हणून जड बूट पायात आणि जॅकेट अंगावर घालूनच जा. जाताना डाव्या बाजूला बसा, बर्फाचे डोंगर तिकडून दिसतात.

लुक्लाची धावपट्टी फक्त ५२७ मीटर, चढाची, एका टोकाला दरी आणि दुसऱ्या टोकाला डोंगर. उतरताना आमच्या विमानात कुणी बोललं नाही, चाकं टेकल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ढग आले की उड्डाणं बंद, आणि दुपारनंतर बहुतेक ढग येतातच. म्हणून सकाळचं पहिलं-दुसरं फ्लाईट मागा. आणि ते दोन हातचे दिवस ठेवा म्हटलं ते यासाठीच, आम्ही मंथलीत दीड दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर काढला.

८. रोजचा रस्ता

फाकडिंग आरामात होतं, तीन-साडेतीन तास. दुसरा दिवस पहिली परीक्षा. मोंजोला पार्कचं गेट लागतं, परमिट दाखवायचं, मग दूधकोसी नदीवरचे झुलते पूल, शेवटचा आणि सगळ्यात उंच तो हिलरी पूल, आणि तो ओलांडला की नामचेपर्यंत सहाशे मीटरचा सरळ चढ. पुलावर याक किंवा जोप्क्यो (याक आणि गाईचं मिश्रण) येताना दिसले तर पूल रिकामा होईपर्यंत थांबा. वाटेत गाठ पडली तर नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. त्यांच्या पाठीवरचा सिलेंडर तुम्हाला घासून गेला तरी त्यांना पत्ता नसतो.

मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती लागतात, त्यांना मणी म्हणतात. भिंत आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं, आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तसंच.

नामचेच्या आरामाच्या दिवशी खोलीत लोळायचं नाही. वर ३,८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलपर्यंत चढून चहा प्यायचा, किंमत बघून प्या, आणि झोपायला परत खाली यायचं. उंच चढा, खाली झोपा, यानेच सवय होते. डिंगबोचेतही मागच्या नांगकरत्शांग टेकडीवर जमेल तेवढं चढून परत. झाडं डिंगबोचेच्या आधीच संपतात आणि पुढे थुकलाच्या खिंडीत एव्हरेस्टवर जीव गेलेल्यांची स्मारकं आहेत, दगडांचे ढीग आणि पताका. तिथे वारा फार असतो, सगळेच आपोआप गप्प होतात.

९. डोकं दुखायला लागलं की

हा भाग वगळू नका.

पहिल्या वेळी माझं डोकं डिंगबोचेतच दुखायला लागलं होतं. गाईडला सांगितलं नाही. पैसे भरलेत, सोबतचे मित्र पुढे जातील, घरी काय सांगायचं, हेच डोक्यात. क्रोसिन खाल्ली आणि लोबुचेला गेलो. संध्याकाळी जेवण समोर आलं तर ढवळलं, दोनदा उलटी झाली. लॉजच्या खोलीत मधोमध शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी होती, तिच्या शेजारी मला बसवून आमचा गाईड दाई म्हणाला, 'उठा, या फळीवरून चाला'. जमिनीवर लाकडी फळ्या होत्या, एका फळीवर टाचेला अंगठा लावत चालायचं, दारू प्यायलेल्याला पोलीस चालवतात तसं. मला वाटलं मी सरळ चालतोय. तीन पावलांत तिसऱ्या फळीवर होतो. ऑक्सिमीटरवर ६४. दाईने कुणाला काही विचारलं नाही, माझी सॅक स्वतः उचलली आणि आम्ही त्याच रात्री फेरिचेला उतरलो. तिथल्या क्लिनिकमध्ये ऑक्सिजन लावला, औषध दिलं, दुसऱ्या दिवशी दुपारी मी वरण-भात मागून खाल्ला. मित्राचा बेस कॅम्पवरचा फोटो मी तिथेच पांघरुणात पडून बघितला.

तर हे पाठ करा. नुसतं डोकं दुखणं, भूक न लागणं, झोप न येणं हे सौम्य. त्याच गावात थांबा, पाणी प्या, बरं वाटेपर्यंत एक मीटरही वर जायचं नाही. तोल जाणं, बरळणं, विचित्र वागणं म्हणजे मेंदूला सूज. बसल्या जागी दम लागणं, खोकला, छातीत घरघर म्हणजे फुफ्फुसात पाणी. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही, लगेच खाली, रात्र असली तरी. ऑक्सिमीटरच्या आकड्याला एकट्याला भिऊ नका, वर सगळ्यांचाच आकडा पडतो. माणूस कसा दिसतोय, कसा चालतोय ते बघा.

दारू, सिगारेट आणि झोपेच्या गोळ्या वर जाताना बंद. फेरिचेत सीझनमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक असतं, दुपारी उंचीच्या त्रासावर मोफत माहिती देतात, सवड काढून ऐका.

एक उलटा सापळा पण आहे. जरा डोकं दुखलं की 'हेलिकॉप्टर बोलवू का, इन्शुरन्स आहे ना' म्हणणारे असतात, त्यात कमिशन असतं. पायी उतरता येत असेल तर पायी उतरा. खरंच गरज असेल तर आधी इन्शुरन्सच्या नंबरवर फोन, मग हेलिकॉप्टर, नाहीतर नंतर क्लेम अडकतो.

१०. राहणं, खाणं, पाणी

लॉजची खोली स्वस्त असते, पण अट अशी की जेवण तिथेच घ्यायचं. जसं वर जाल तसं सगळं महाग, कारण प्रत्येक गोष्ट माणसाच्या नाहीतर जनावराच्या पाठीवरून येते, गोरक शेपला डाळ-भाताचे हजाराच्या पुढे नेपाळी मोजले. डाळ-भातच मागवा, दुसऱ्यांदा भात-डाळ वाढतात. मटण-चिकन नामचेच्या वर नको, ते खालून किती दिवसांनी आलंय कुणाला माहीत. लसणाचं सूप मस्त लागतं.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर. नळाचं भरून क्लोरीनची गोळी टाका, अर्धा तास थांबा. बिसलरीच्या बाटल्या शोधत बसू नका. चार्जिंग, वायफाय आणि गरम पाण्याची अंघोळ या तिन्हींचे वेगळे पैसे. अंघोळ नामचेत करून घ्या, पुढे चार-पाच दिवस नाही केली तर काही बिघडत नाही, सगळेच तसे असतात.

११. बेस कॅम्पचा दिवस

पहिल्यांदा जाणाऱ्याला कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. समोर खुंबूची हिमनदी आणि तिचा तुटलेला धबधबा, आजूबाजूला बर्फाचे डोंगर, आणि शिखर त्यांच्या आड. काही जण तिथे पोचून हिरमुसतात. शिखर बघायचं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे काला पत्थर, साडेपाच हजार मीटरच्या वर, तिथून ८,८४८.८६ मीटरचं ते काळं टोक समोर दिसतं.

गोरक शेपहून बेस कॅम्प जाऊन-येऊन पाच तास तरी धरा, दुपारी उशिरा निघू नका. फोटोच्या दगडापाशी रांग असते. मोबाईल आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, माझा ६० टक्के चार्ज असताना बंद पडला, दाईच्या मोबाईलवर फोटो काढला.

काला पत्थरला पहाटे चारला निघायचं, सगळ्यात जास्त थंडी तीच. अंगात त्राण नसेल तर सोडून द्या.

१२. परतताना

उतरताना लोक पळतात आणि गुडघे घालवतात. काठ्या जरा लांब करून घ्या.

लुक्लाला आदल्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचा आणि गाईडला लगेच विमान कंपनीच्या काउंटरवर पाठवून सीट पक्की करून घ्या. संध्याकाळी काउंटर बंद झालं आणि नाव पुढच्या यादीत नसलं तर सकाळी तुम्ही खुर्चीवर आणि विमान हवेत. टिप शेवटच्या रात्री लुक्लालाच, गाईडला वेगळी, पोर्टरला वेगळी, थेट त्याच्या हातात. आणि काठमांडूहून पुढचं विमान लुक्लाच्या दिवशीच धरू नका, मध्ये किमान एक रात्र हवीच.